अकरा फुकट शनिवार

ओटर क्रीकच्या कचराडेपोवर मी सत्तावीस वर्षं राखणदार होतो, आणि त्या सत्तावीस वर्षांत गावात जेवढी लग्नं जमली त्यातली निम्मी माझ्या डोळ्यांदेखत जमली. यात नवल काही नाही. तांब्याच्या खाणीवर राबणाऱ्या पोराला मुलीला घेऊन कुठं जायचं म्हटलं तर सिनेमा चाळीस मैलांवर होता आणि अस्वलं चार मैलांवर. सिनेमाला तिकीट होतं. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास गाड्या यायच्या, खड्ड्याच्या कडेला ओळीनं तोंड आत करून उभ्या राहायच्या. काचा वर, इंजिन बंद. मग झाडीतून अस्वलं उतरायची आणि गावानं आठवडाभर काय खाल्लं ते उलगडून बघत बसायची. गाव अस्वलांना बघायचं. गाड्यांतली निम्मी जोडपी एकमेकांना बघायची.

अस्वलं बावीस-तेवीस होती, पण गाड्या यायच्या त्या पोस्टमास्तरसाठी. त्यांतल्या सगळ्यांत थोराड अस्वलाला हे नाव मी ठेवलेलं. तो रोज सात वाजून पाच मिनिटांनी यायचा आणि सगळ्यांचं उघडून बघायचा. मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे कान माझ्या खोपटाच्या पन्हाळीला लागत. डबे तो लेबल बघून वेगळे करायचा, माशांचे डावीकडं, पीचचे उजवीकडं. आमच्या पास्टरबाईंच्या घरून आलेल्या कचऱ्याला त्यानं आयुष्यात तोंड लावलं नाही. एकदा हुंगला, मग गवताला नाक पुसून आला. ज्यांना हे खोटं वाटतं ते पास्टरबाईंच्या घरी कधी जेवलेले नाहीत.

डेपोचा नियम एकच. गाडीत खायचं काही आणायचं नाही. पाटी मीच रंगवली होती, इंग्रजीत आणि फिनिशमध्ये, आणि खाली न वाचता येणाऱ्यांसाठी दार नसलेल्या गाडीचं चित्र काढलं होतं.

तर तौनो लेहतिनेनची गोष्ट.

तौनो खाणीवर होता. त्या वर्षी खाण आठवड्याला तीनच पाळ्या देत होती. पगाराचं पाकीट आमच्याकडं पोरं न फोडता आईच्या हातात ठेवायची. बाप गेलेल्या घरात तर बोलायलाच नको. तौनोची आई हिल्मा पाकीट फोडायची, पीठ, कॉफी, रॉकेल, धाकट्या बहिणींचे बूट सगळं मनात मांडायची आणि एक डॉलर त्याच्या हातावर ठेवायची. त्या डॉलरमध्ये ट्रकचं पेट्रोल, केस कापणं आणि आयुष्यातली बाकी सगळी मौज. उरलं तर चर्चच्या पेटीत.

अशा माणसानं प्रेमात पडू नये. पण तो पडला, आणि पडला तो लेम्पी सारीच्या.

लेम्पी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसायची. गावातला कुठलाही फोन तिच्या हातून जोडला जायचा. कुणाची गाय व्याली, कुणाचं लग्न मोडलं, कुणी कुणाला न विचारता कुंपण सरकवलं, सगळं तिला आधी कळायचं. तोंडातून मात्र कधी चकार शब्द नाही. वयानं चोवीस, उंच, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. तिचा बाप ईरो गावाबाहेर साडेचार मैलांवर दुधाचा धंदा करायचा.

जून महिन्यात एका बुधवारी तौनो माझ्या खोपटाबाहेरच्या बाकावर येऊन बसला. पाऊण तास काही बोलला नाही. आमच्याकडं याला लवकर बोलणं म्हणतात. मग म्हणाला, की लेम्पीला शनिवारी कुठंतरी न्यायचं आहे आणि पेट्रोल सोडून आपल्याजवळ काही नाही, तेव्हा काका, काय करता येईल.

मी म्हटलं, जुनी वर्तमानपत्रं बघू. ती माझ्याकडं ढिगानं यायची. त्यात खनिजाच्या जहाजांचं वेळापत्रक असायचं. शनिवारी साडेपाचला सहाशे फुटी जहाज कालव्यातून जाणार होतं आणि त्यासाठी उचलपूल वर जाणार होता. एवढा मोठा पूल उभा राहताना बघायला एक सेंट पडत नाही. तौनोनं तिला नेलं. पूल वर गेला, जहाज गेलं, पूल खाली आला. दोघं घरी आली.

असं सुरू झालं. दर बुधवारी तो यायचा आणि आम्ही पुढचा शनिवार बसवायचो. मला त्यात मजा येऊ लागली. एका शनिवारी आगीच्या बंबवाल्यांचा सराव होता, त्यांनी मैदानात पाणी उडवलं आणि उन्हात इंद्रधनुष्य पडलं, तेही पूर्ण गोल. एकदा लाकडाच्या गिरणीमागचा भुशाचा डोंगर, घसरगुंडीला. तिथं लेम्पी एवढ्या जोरात घसरली की थेट गिरणीच्या मॅनेजरच्या कुंपणापलीकडं, कोंबड्यांच्या खुराड्यावर उतरली. त्या कोंबड्यांनी पुढं दोन आठवडे चौकोनी अंडी घातली, मी स्वतः एक खाल्लं. एकदा सरोवराच्या काठी रंगीत गारगोट्या वेचायला. एकदा को-ऑपरेटिव्ह दुकानात नवा फ्रीझर आला तेव्हा त्याच्यासमोर उभं राहायला, त्या दिवशी उकडत होतं. ऑगस्टमध्ये ब्लूबेरी. त्या शनिवारी तर हिल्माच्या घरी सहा बरण्या मुरंबा झाला, म्हणजे पोरगा मुलीला फिरवून आणून वर नफ्यात राहिला. माझ्याकडं अस्वलं बघायला तर ती चारदा आली.

तौनो चिक्कू होता असं कुणी समजू नये. मी एकदा त्याला म्हटलं, एखाद्या शनिवारी ओडगर्सबाईंच्या कॅफेत ने की. तो म्हणाला, नेईन, पण एकदा नेलं आणि पुढच्या शनिवारी नाही नेलं तर तिला वाटेल आपण नकोशा झालो. सुरू करायचं ते पुढं चालवता आलं पाहिजे. फुकटचं मरेपर्यंत चालवता येतं.

हे मला पटलं. त्यात खोट होती ती आम्हा दोघांनाही दिसली नाही.

खोट अशी. ओटर क्रीकमध्ये मुलगा मुलीच्या मागं आहे हे ठरायचं एकाच गोष्टीनं. ओडगर्सबाईंच्या कॅफेत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी, उंच काचेच्या पेल्यात आइस्क्रीम, त्यात दोन चमचे, आणि पैसे मुलाचे. पस्तीस सेंट. ते झालं की गावानं मान हलवली. मग मुलगी हो म्हणो की नाही म्हणो, निदान विचारलं गेलंय हे तिला कळायचं. मागच्या वर्षी विम्याचा एजंट रसेल पेनहेल यानं लेम्पीला असा पेला खिलवला होता आणि आठवड्याभरात तिनं त्याला नाही म्हणून कळवलं होतं. सगळं रीतसर. तोंडानं सांगायची पद्धत आमच्या फिनलंडहून आलेल्या लोकांत नव्हती. माझ्या बापानं आईला लग्नाचं विचारलं नाही, तिच्या दारात तीन वर्षं सरपण आणून टाकलं. चौथ्या वर्षी ती सरपणाबरोबर आली.

तौनोनं अकरा शनिवार इतके नेटके फुकट बसवले होते, की त्यांत पेला कुठंच आला नाही.

गावाला मात्र सगळं ठाऊक होतं. एक माणूस एका मुलीला अकरा आठवडे ट्रकमध्ये घालून कुठं-कुठं नेतोय म्हटल्यावर गाव काय आंधळं आहे? पण गावातली बातमी फिरते फोनवरून, आणि फोन जोडणार लेम्पी. तिच्या कानावर तिचीच गोष्ट कोण घालणार? बायका रिसीव्हर उचलायच्या, लेम्पीचा आवाज ऐकला की गुपचूप बटाट्याच्या भावावर यायच्या. त्या उन्हाळ्यात ओटर क्रीकमध्ये बटाट्याविषयी जेवढं बोलणं झालं तेवढं पुढं कधी झालं नाही. सगळ्या गावाचं तिला माहीत, आणि तिचं सगळ्या गावाला माहीत. तिला सोडून.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी लेम्पी बापाचा ट्रक घेऊन एकटीच डेपोवर आली. मागं खोकी होती. जुन्या वह्या, तुटकी खुर्ची, शाळेतले कपडे. मी विचारलं, घर आवरताय का. म्हणाली, माझी खोली. मंगळवारच्या बसनं मिलवॉकीला चाललेय, तिथल्या मोठ्या टेलिफोन ऑफिसात जागा मिळाली आहे, मावशीकडं राहीन.

मी तिच्या हातातलं खोकं घेतलं आणि खाली ठेवलं.

"तौनोला माहीत आहे?" मी म्हटलं.

"सांगितलं मी. पेट्रोल पंपावर भेटला होता."

"मग काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

ती खुर्चीचा पाय उपटून खड्ड्यात फेकत होती. मग तीच म्हणाली, की जाऊ नको असं म्हणणारं इथं आहे कोण? बापाला तर वाटतंय जावं, पगार बरा आहे. मी म्हटलं, आणि तौनोला?

"तौनोचं काय?"

"अगं, उन्हाळाभर तुला घेऊन फिरतोय तो."

"त्याला जहाजं आवडतात," लेम्पी म्हणाली. "ट्रकमध्ये जागा असते, आमचं घर वाटेवर आहे. चांगला शेजारी आहे तो, काका. पण एवढ्या दिवसांत त्यानं मला च्युइंगमची पट्टीसुद्धा घेतली नाही. त्याच्या मनात काही असतं तर एक पेला तरी घेतला असता ना? मी वाट बघितली. जूनमध्ये बघितली, जुलैमध्ये बघितली. ब्लूबेरीच्या वेळी वाटलं आज म्हणेल चल कॅफेत, तर त्यानं बादल्या मोजल्या आणि मला घरी सोडलं."

तिचं घर वाटेवर नव्हतं. खाणीपासून उलट्या दिशेला होतं, पण ते मी बोललो नाही. तिनं मला शपथ घातली, की यातलं एक अक्षर कुठल्या माणसाला सांगायचं नाही. मी शपथ घेतली. उरलेली खोकी शनिवारी बापाबरोबर आणते म्हणाली आणि गेली.

शपथ मोडणारा मी नाही. शुक्रवारी तौनो माझ्या खोपटाचं छत दुरुस्त करायला आला. मी त्याला गॅलनभर पेट्रोल द्यायचं आणि त्यानं खिळे ठोकायचे, असा आमचा व्यवहार होता. तो शिडीवर चढलेला, मी खाली बाकावर, आणि सात वाजून पाच मिनिटांनी पोस्टमास्तर आला. माझ्यापासून वीस पावलांवर बसला आणि एक चीजचं खोकं उघडायला लागला.

अस्वलाला सांगू नको असं लेम्पी म्हणाली नव्हती.

मी जरा मोठ्यानंच सांगितलं. पोस्टमास्तरचे कान म्हातारपणानं जड झाले होते. म्हटलं, बाबा, अशी अशी एक मुलगी आहे, तिला एक मुलगा अकरा शनिवार फिरवतोय आणि तिला वाटतंय त्याला जहाजं आवडतात. तिनं जूनमध्ये वाट बघितली, जुलैमध्ये बघितली. मंगळवारी बसमध्ये बसेल आणि जाईल, आणि तो मुलगा इथं वर्षानुवर्षं पूल वर-खाली होताना बघत बसेल. पोस्टमास्तरनं चीज खाता खाता माझ्याकडं बघितलं. हातोड्याचा आवाज थांबला होता.

तौनो शिडीवरून उतरला. तोंडात चार खिळे होते, ते एकेक करून काढले.

"काका, हे अस्वलाला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. तू ऐकलंस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते सांगायचं नाही अशी शपथ आहे."

तो बाकावर बसला. मग म्हणाला, "मला जहाजं आवडत नाहीत."

"मला माहीत आहे."

"पाण्याकडं बघितलं की मला मळमळतं."

मी म्हटलं, मग उद्या जा आणि सांगून टाक. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्याला भर रस्त्यात कपडे काढायला सांगितले. म्हणाला, सांगून? तोंडानं? मी म्हटलं, मग पेला. त्यावर तो विचारात पडला. आठवड्याचा डॉलर संपलेला होता. नवं पाकीट शनिवारी दुपारी मिळायचं, ते थेट हिल्माच्या हातात. लेम्पीची शेवटची पाळी शनिवारी सहापर्यंत, आणि ओडगर्सबाई कॅफे सहाच्या ठोक्याला बंद करायच्या. सूर्य मावळेल पण बाई थांबणार नाहीत. रविवारी बंद, सोमवारी कामगार दिनाची सुट्टी, तो आमच्याकडं सप्टेंबरात येतो, मंगळवारी बस. म्हणजे लेम्पीला खिडकीपाशी बसवणं जमणारच नव्हतं. तेव्हा मी पोस्टमास्तरला आणखी एवढंच सांगितलं, की उद्या सातच्या सुमारास ती मुलगी बापाबरोबर खोकी टाकायला इथंच येणार आहे.

शनिवारी दुपारी काय झालं ते मला पुढं हिल्मानं सांगितलं. तौनोनं पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि तिथंच उभा राहिला. तिनं डॉलर दिला. तो उभाच. तिनं विचारलं, काय. तो म्हणाला, आणखी पस्तीस सेंट हवेत, डॉलर पेट्रोलला लागेल. हिल्मानं अंड्यांच्या पैशांच्या डब्यातून पस्तीस सेंट काढून दिले आणि म्हणाली, शर्ट बदल.

सहाला पाच कमी असताना तो कॅफेत गेला. ओडगर्सबाई म्हणाल्या, मुलगी कुठंय? तो म्हणाला, पेला न्यायचाय. काचेचा पेला दुकानाबाहेर न्यायची त्यांच्याकडं रीत नव्हती. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गल्ल्यावर ठेवली, तारण म्हणून. बाईंनी टोपीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि व्हॅनिलाचे तीनऐवजी चार गोळे घातले. दोन चमचे खोचले. त्या कॉर्नवॉलहून आलेल्या, म्हणजे आमच्या फिनिश लोकांतल्या नव्हत्या, पण माणूस ओळखायच्या.

पावणेसातपर्यंत पेला को-ऑपरेटिव्हच्या फ्रीझरमध्ये ठेवून तो त्याच्यासमोर उभा राहिला. मग चार मैल एका हातानं ट्रक चालवत आला, दुसऱ्या हातात पेला. काचा वर करून आला असता तर आइस्क्रीम वितळलं असतं, म्हणून काचा खाली. त्या वासानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडी हलत होती, असं मागून येणाऱ्या गाड्यांनी सांगितलं.

डेपोच्या फाटकाशी मी उभा होतो. नियमाप्रमाणं मी त्याला अडवायला हवं होतं. पण तो नेमका त्या क्षणाला आत शिरला जेव्हा मी वाकून बुटाची नाडी बांधत होतो. बूट रबरी होते हे खरं आहे, पण नाडी बांधायची सवय जुनी.

ओळीत तीसेक गाड्या लागल्या होत्या. ईरो सारीचा ट्रक कडेला, आणि लेम्पी मागून शेवटचं खोकं उतरवत होती. तौनोनं ट्रक थांबवला, उतरला आणि पेला पुढं धरून तिच्याकडं चालू लागला. बिनटोपीचा, धुतलेल्या शर्टात, बोटांवरून व्हॅनिला ओघळतंय. सात वाजून चार मिनिटं झाली होती.

पुढच्याच मिनिटाला पोस्टमास्तर झाडीतून बाहेर आला, आणि रोजच्यासारखा खड्ड्याकडं न जाता सरळ तौनोकडं आला.

लेम्पी बापाच्या ट्रकमध्ये चढली, दार ओढलं. तीस गाड्यांच्या काचा घट्ट होत्या. शहाण्या माणसानं अशा वेळी पेला जमिनीवर ठेवावा आणि मागं-मागं सरकत ट्रक गाठावा. आमच्याकडं हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. तौनोनं पेला छातीशी धरला. पोस्टमास्तर उभा राहिला, आणि त्याची सावली तौनोवरून जाऊन माझ्या खोपटावर चढली.

आता मी जे सांगतो ते तीस गाड्यांनी बघितलं आहे. पोस्टमास्तरनं पेल्यात खोचलेला एक चमचा दोन नखांत धरून उचलला. दुसरा तौनोच्या मुठीत होता. मग एकदा अस्वलानं खाल्लं, एकदा तौनोनं खाल्लं. तौनोला खायचं नव्हतं, पण आपण नाही खाल्लं तर सगळंच जाईल असं त्याला वाटलं असावं. मागं कुणीतरी काचेआडून म्हणालं, गावाच्या रीतीनं बघितलं तर तौनोचं अस्वलाशी ठरलं.

तेव्हा लेम्पीनं काच खाली केली.

"तौनो, सोड ते."

"नाही."

"अरे, अस्वल आहे ते."

"असू दे. पस्तीस सेंट दिलेत."

तिचा बाप ईरो स्टिअरिंग धरून सरळ पुढं बघत होता, जणू ट्रक चालू आहे आणि रस्ता अवघड आहे.

"तू दिलेस?" ती म्हणाली.

"मी."

"कशाला?"

तौनोनं अस्वलाकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "जहाजंपण."

हे ऐकायला म्हणून ओळीतल्या काचा एकेक करून खाली आल्या. अस्वल समोर असताना. एरवी आमचं गाव सावध, पण त्या दिवशी कुणाला भान नव्हतं. पोस्टमास्तरनं पेल्यात नाक घातलं, तळ चाटला, चमचा परत आत ठेवला आणि पेला तौनोच्या हातात देऊन खड्ड्याकडं निघून गेला. चमचा त्यानं पुसला होता की नाही यावर गावात दोन मतं आहेत.

लेम्पी खाली उतरली. दोघांमध्ये तीन पावलांचं अंतर राहिलं. ज्यांना आमचे लोक माहीत नाहीत त्यांना वाटलं असतं, आता संपलं. माझ्या हिशेबानं ती दोघं सहा मिनिटं तशीच उभी होती. मग तौनोनंच विचारलं, मिलवॉकीचं तिकीट काढलंस का.

"काढलं."

"पैसे परत मिळतात?"

"नाही मिळत. मी विचारलं होतं."

"कधी विचारलंस?"

"काढतानाच," लेम्पी म्हणाली, आणि खाली बघितलं.

तौनो विचार करू लागला. साडेसात डॉलरचं तिकीट. फाडून टाक म्हणणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नव्हता, आणि फाडणारी मुलगीही नव्हती. ज्यावर पैसे पडलेत ते वापरायचं.

"मग जाऊन ये," तो म्हणाला.

"जाऊन येते."

बस, एवढंच. ती बापाच्या ट्रकमध्ये बसली, तो त्याच्या, आणि रिकामा पेला घेऊन टोपी सोडवायला गेला. ओडगर्सबाईंनी दुकान बंद केलेलं होतं, म्हणून मंगळवारपर्यंत तो बिनटोपीचाच फिरला.

मंगळवारी सकाळी बस सुटली तेव्हा तौनो जमिनीखाली दोन हजार फुटांवर पाळीत होता. निरोपाचा हातसुद्धा हलवता आला नाही. लेम्पी गेली, आणि गावाला धाकधूक लागली. जाऊन येते म्हणणं सोपं. तिकडं दुप्पट पगार, दिवे, थिएटरं, ट्राम. परतीचं तिकीट तिच्या हातात नव्हतं आणि तौनोच्या खिशात ते पाठवायची ताकद नव्हती. एक्स्चेंजवर तिच्या जागी बदली बाई आली होती. ती सगळे फोन चुकीच्या घरी जोडायची, त्यामुळं तीन दिवस अख्खं गाव नको त्या माणसाशी लेम्पीविषयी बोलत होतं. इतकं मोकळं बोलणं उन्हाळाभर झालं नव्हतं. बहुतेकांचं मत पडलं, ती येणार नाही. मी यावर एका माणसाशी पैज लावली आणि ती कुठल्या बाजूनं होती ते आता आठवत नाही.

तौनो बुधवारी आला नाही. गुरुवारी आला, छताचे राहिलेले खिळे ठोकले. जाताना म्हणाला, काका, शनिवारचं काही बसवू नका, आधी कळू दे.

शुक्रवारी संध्याकाळची बस पंपापाशी थांबली. दुपारी पाळी संपली तेव्हापासून तौनोचा ट्रक तिथं उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ती येतेय. तो मंगळवारपासून रोज संध्याकाळच्या बसला येत होता, हे मला पंपवाल्यानं सांगितलं. लेम्पी उतरली. हातात तीच एक बॅग. तौनोनं ती घेतली.

"टेलिफोन ऑफिसात जाऊन सांगितलं," ती म्हणाली. "पत्रानं बरं दिसलं नसतं. परतीचं मी माझ्या पैशानं काढलं."

"कसं आहे मिलवॉकी?"

"माणसं फार आहेत. आणि सारखं बोलतात."

तौनोनं मान हलवली आणि बॅग मागं ठेवली. ट्रकमध्ये पुढं एकच सलग बाकडं असतं हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मुलगी खिडकीपाशी बसली तर शेजारीण, मध्ये चालकाला लागून बसली तर विषय मिटला. लेम्पी चढली आणि सरकत-सरकत मध्ये येऊन बसली. गिअरची दांडी तिच्या गुडघ्यांच्या मधोमध आली. तौनोनं पहिला टाकला, कसाबसा दुसरा टाकला, आणि पुढचा टाकायचा तर हात कुठं-कुठं लागेल हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात परत स्टिअरिंगवर ठेवला. सारींच्या घरापर्यंतचे साडेचार मैल तो दुसऱ्या गिअरमध्येच गेला. इंजिन असं काही किंचाळत होतं की वाटेवरच्या प्रत्येक घरातून माणसं दारात आली, आणि लेम्पी प्रत्येक दाराकडं बघून मान हलवत होती.